लिंकर अडला की आधी एनएम चालवा

मागच्या अंकात एवढंच सांगितलं होतं की कंपाइल आणि लिंक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, कंपाइलर एकेका सोर्स फाइलची ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि लिंकर त्या सगळ्या जोडून चालणारा प्रोग्राम तयार करतो, आणि जाता जाता एनएम या कमांडचं नाव घेतलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम एनएमलाच दिलाय. एक गोष्ट आधीच सांगते, देवनागरीत छोटं अक्षर आणि मोठं अक्षर असा भेद नाही आणि एनएममध्ये तर त्याच भेदावर सगळं चालतं, म्हणून जिथे गरज आहे तिथे मी 'मोठा टी', 'छोटा टी' असं स्पष्ट लिहिलंय, टाइप करताना तेवढं सांभाळा.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये 'बेरीज' नावाचं फंक्शन मित्राने सी मध्ये लिहिलंय आणि माझी मेन फाइल सी प्लस प्लसमध्ये आहे. दोन्ही फाइली आपापल्या नीट कंपाइल होतात पण जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू बेरीज(इंट, इंट)' अशी एरर येते. फंक्शन तर समोर दिसतंय, हेडर पण इन्क्लुड केलंय, सगळं पुसून परत बिल्ड केलं, काहीच फरक नाही. काय करू?

फंक्शन तुला दिसतंय हे खरं, पण लिंकर तुझी सोर्स फाइल उघडतच नाही. त्याच्या हातात फक्त ऑब्जेक्ट फाइली असतात, आणि प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये नावांची एक यादी असते, तिला सिंबॉल टेबल म्हणतात. माझ्याकडे काय काय आहे आणि मला बाहेरून काय काय लागतंय हे त्यात लिहिलेलं असतं. लिंकर ही मागणी आणि तो पुरवठा जुळवतो, एका अक्षराचा फरक पडला तरी जुळत नाही म्हणतो. ही यादी आपल्यालाही बघता येते, त्यासाठीच एनएम. नावाचा अर्थ 'नेम लिस्ट', आणि ही कमांड काही आजची नाही, १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ती आहे.

आता तुझ्या दोन्ही फाइलींवर ती चालवून बघ. साधारण असं दिसेल :

एनएम मेन.ओ
०००००००००००००००० (मोठा) टी मेन
(मोठा) यू _झेड५बेरीजआयआय

एनएम बेरीज.ओ
०००००००००००००००० (मोठा) टी बेरीज

मोठा टी म्हणजे 'हे फंक्शन माझ्याकडे आहे', मोठा यू म्हणजे 'हे मला हवंय पण माझ्याकडे नाही'. मेन.ओ कुठलं नाव मागतेय ते नीट वाच, ती 'बेरीज' मागतच नाहीये! ती मागतेय एक विचित्र लांबलचक नाव, आणि ते नाव पुरवणारं कुणीच नाही म्हणून लिंकर थांबला.

हे नाव आलं कुठून? सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन्स चालतात, एक इंट घेणारं आणि एक डबल घेणारं, मग लिंकरला ती वेगळी ओळखू यावीत म्हणून कंपाइलर नावातच पॅरामीटरचे प्रकार गुंफून टाकतो. याला मँगलिंग म्हणतात. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपाइलर एकच पद्धत पाळतात : सुरुवातीला अंडरस्कोर आणि मोठा झेड ही खूण, मग नावात किती अक्षरं ते (बेरीज रोमन लिपीत लिहिलं की पाच अक्षरं होतात म्हणून ५), मग नाव, मग पॅरामीटर, एक आय म्हणजे एक इंट. डबल असता तर डी आला असता, पॅरामीटरच नसता तर व्ही. एकदा हे कळलं की ही नावं बऱ्यापैकी नुसत्या नजरेने वाचता येतात, आणि नाही आली तर एनएमला मोठा सी हा फ्लॅग दे, म्हणजे एनएम -सी, तो नाव उलगडून 'बेरीज(इंट, इंट)' असं दाखवतो.

मित्राची फाइल सी ची आहे, सी मध्ये मँगलिंग होत नाही, तिथे नाव साधंच राहिलं. म्हणजे फंक्शन आहे, नाव जुळत नाही, एवढाच घोळ. उपाय हेडरमध्ये करायचा : फंक्शनच्या घोषणेभोवती एक्सटर्न "सी" चा ब्लॉक घाल, आणि तोच हेडर सी ची फाइल पण वापरते म्हणून तो ब्लॉक 'इफडेफ __सीप्लसप्लस' च्या आत ठेव, नाहीतर सी कंपाइलर तिथेच अडेल. मग परत कंपाइल करून मेन.ओ वर एनएम मार, यू समोर आता साधं 'बेरीज' दिसलं पाहिजे. ते दिसलं की मगच लिंक कर, आधी नको.

आणि एक गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडेल. सी प्लस प्लस प्रोजेक्टमध्ये अनडिफाइन्ड रेफरन्सच्या एररमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंसात प्रकार लिहून आले असतील तर समजायचं की मँगल केलेलं नाव मागितलं जातंय, नुसतं नाव आलं तर सी चं नाव मागितलं जातंय. तुझ्या एररमध्ये कंसात इंट, इंट होतं, म्हणजे उत्तर एररमध्येच होतं, फक्त ते वाचायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे कॉलेजात पॉइंटरवर अख्खा महिना जातो आणि लिंकरला एक लेक्चर मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : एनएमच्या आउटपुटमधली ती मधली अक्षरं म्हणजे टी, डी, बी, आर वगैरे, यांचा अर्थ एकदा सविस्तर सांगाल का? आणि काही ठिकाणी तेच अक्षर छोटं का येतं?

छोट्या-मोठ्याचं आधी सांगते. मोठं अक्षर म्हणजे ते नाव ग्लोबल, बाकीच्या फाइलींना दिसतं. छोटं अक्षर म्हणजे लोकल, त्या फाइलपुरतंच. फंक्शनच्या आधी 'स्टॅटिक' लिहिलंत की मोठ्या टी चा छोटा टी होतो. 'फंक्शन यादीत दिसतंय तरी लिंकर नाही म्हणतो' अशी तक्रार खूप जण करतात, त्यातल्या पुष्कळ वेळा तो टी छोटा असतो आणि कुणाचं लक्षच गेलेलं नसतं.

टी म्हणजे टेक्स्ट सेक्शन, तिथे कोड असतो. आर म्हणजे फक्त वाचायचा डेटा, तुमचे कॉन्स्ट टेबल वगैरे तिथे जातात. डी आणि बी दोन्ही ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलसाठी, पण त्यातला फरक फार महत्त्वाचा आहे म्हणून तिथे जरा थांबते.

डी म्हणजे किंमत देऊन ठेवलेलं व्हेरिएबल. बी म्हणजे किंमत न दिलेलं किंवा शून्य दिलेलं, हे बीएसएस सेक्शनमध्ये जातं. बीएसएस हे नाव १९५० च्या दशकातलं, आयबीएम ७०४ या मशीनच्या असेंब्लरमधली ती सूचना होती, 'ब्लॉक स्टार्टेड बाय सिंबॉल'. आता हे स्वतः करून बघा : दहा लाख इंटचा एक ग्लोबल ॲरे घ्या, नाव 'तक्ता', किंमत काही देऊ नका. कंपाइल करा आणि एनएमला मोठा एस फ्लॅग द्या, तो साइज पण दाखवतो. तक्ता समोर मोठा बी येईल आणि साइज येईल ३डी०९००, हा हेक्साडेसिमल आकडा आहे, म्हणजे ४० लाख बाइट (एक इंट ४ बाइटचा धरून). पण डिस्कवर ऑब्जेक्ट फाइल बघितलीत तर ती जेमतेम एक-दोन केबी! कारण बीएसएसमध्ये 'मला एवढी जागा हवी, शून्याने भरून' एवढी नोंदच असते, शून्यं फाइलमध्ये लिहीत नाहीत. आता फक्त पहिल्या घरात १ टाका, बाकी काही बदलू नका, परत कंपाइल करा. बी चा डी झाला आणि फाइल एकदम ४० लाख बाइटने फुगली, कारण आता अख्खा ॲरे फाइलमध्ये लिहावा लागला. प्रोग्रामची फाइल अचानक मोठी का झाली हे शोधायचं असेल तर एनएम ला --साइज-सॉर्ट द्या, सगळ्यात जाडजूड सिंबॉल यादीच्या शेवटी येतात. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी, तिथे एकेका केबीची मारामार असते.

राहिला डब्ल्यू, म्हणजे वीक सिंबॉल. मोठा डब्ल्यू म्हणजे व्याख्या आहे पण कच्ची, त्याच नावाची पक्की व्याख्या मिळाली तर लिंकर ती घेतो आणि तक्रार करत नाही. छोटा डब्ल्यू म्हणजे 'मिळालं तर द्या, नाही मिळालं तरी चालेल', नाही मिळालं तर पत्ता शून्य धरतात. लिनक्सवर जीसीसीने बनवलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्राममध्ये __जीमॉन_स्टार्ट__ असं छोट्या डब्ल्यूचं नाव दिसतं आणि लोक घाबरून विचारतात हे काय घुसलं. ते प्रोफायलिंगसाठी (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजण्यासाठी) असतं, काळजी करू नका.

प्रश्न : लायब्ररी दिलेली आहे, एनएमने बघितलं तर त्यात फंक्शन आहे, टी पण मोठाच आहे, नाव अक्षरन् अक्षर जुळतंय, तरी अनडिफाइन्ड रेफरन्स. आता डोकं चालत नाहीये.

तुम्ही नाव तपासलंत, अक्षर तपासलंत, म्हणजे अर्धी लढाई झाली. आता कमांडमधला क्रम बघा. डॉट ए वाली स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा, आणि लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचत जातो. गठ्ठा समोर आला की त्या क्षणापर्यंत ज्या नावांची मागणी बाकी आहे तेवढ्याच फाइली तो त्यातून उचलतो आणि पुढे जातो, मागे वळून बघत नाही. तुम्ही लायब्ररी आधी आणि मेन.ओ नंतर लिहिली असेल तर गठ्ठा आला तेव्हा मागणीच नव्हती, आणि मागणी आली तेव्हा गठ्ठा निघून गेला होता. लायब्ररी नेहमी ती वापरणाऱ्या फाइलींच्या नंतर लिहा. मॅथ लायब्ररीचा -एलएम शेवटी लिहायला सांगतात तो याच कारणाने. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर त्यांना --स्टार्ट-ग्रुप आणि --एंड-ग्रुप मध्ये घाला, मग लिंकर त्या दोघींमध्ये फिरत राहतो, नवीन काही सापडेनासं होईपर्यंत. थोडं हळू होतं पण होतं.

नेमकी कुठली लायब्ररी ते नाव पुरवते हेच माहीत नसेल तर फोल्डरमधल्या सगळ्या डॉट ए फाइलींवर एकदम एनएम चालवा, सोबत मोठा ए फ्लॅग द्या म्हणजे प्रत्येक ओळीच्या आधी फाइलचं नाव येतं, आणि --डिफाइन्ड-ओन्ली द्या म्हणजे नुसते मागणारे गळून जातात. ते सगळं ग्रेपमधून (हवं ते नाव असलेल्या ओळी शोधणारी कमांड) काढलं की झालं.

यात अजून एक शक्यता असते आणि ती माझ्यावर स्वतःवर गुदरलीय. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आमच्या लायब्ररीतल्या फंक्शनला तिसरा पॅरामीटर घातला होता, हेडर नवीन, सोर्स नवीन, तरी लिंक होईना. दोन दिवस आम्ही चौघं त्यात होतो, कुणी मेकफाइलवर संशय घेतला, कुणी कंपाइलरवर. शेवटी बिल्डच्या लॉगमधून लिंकर नेमकी कुठली डॉट ए उचलतोय तो पूर्ण पाथ काढला आणि त्या फाइलवर एनएम -सी चालवलं, तर फंक्शन समोर, कंसात दोनच पॅरामीटर! कुणीतरी कधीकाळी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली जुनी कॉपी आधी सापडत होती. जी फाइल आपण बघतोय तीच लिंकर घेतोय हे गृहीत धरू नका, खात्री करा. त्या दिवसापासून मी लिंकची एरर आली की कोडला हात लावायच्या आधी एनएम चालवते, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते.

प्रश्न : कोडमध्ये प्रिंटएफ लिहिलंय आणि एनएम -यू (छोटा यू, नुसती मागितलेली नावं) मध्ये 'पुट्स' दिसतंय. मी पुट्स कुठेच वापरलेलं नाही.

तुमची ओळ नुसता मजकूर आणि शेवटी नवी ओळ अशी असणार, मध्ये परसेंट डी वगैरे काही नाही. जीसीसी अशा प्रिंटएफच्या जागी आपणहून पुट्स घालतो, काम तेच होतं आणि फॉरमॅट वाचायचा खर्च वाचतो. तसंच स्क्वेअर रूट थेट २.० चं काढलंत तर जीसीसी उत्तर आधीच काढून ठेवतो, मग यादीत एसक्यूआरटी दिसतच नाही आणि -एलएम न देता पण लिंक होतं. मग तोच कोड व्हेरिएबल घालून लिहिला की अचानक एरर येते आणि माणूस चक्रावतो. एनएम तुमचा कोड दाखवत नाही, कंपाइलरने त्याचं शेवटी काय केलं ते दाखवतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : जुना सी प्रोजेक्ट वर्षानुवर्षं बिल्ड होत होता. नवीन मशीनवर नवा जीसीसी आला आणि एकाच व्हेरिएबलसाठी 'मल्टिपल डेफिनिशन' च्या पन्नास एरर. कोड बदललेला नाही.

कोड नाही बदलला, कंपाइलरची डिफॉल्ट सवय बदलली. तुमच्या एखाद्या हेडरमध्ये 'इंट काउंटर;' असं व्हेरिएबल एक्सटर्नशिवाय लिहिलेलं असणार, आणि तो हेडर पन्नास फाइलींमध्ये जातो. पूर्वी जीसीसी अशा व्हेरिएबलला कॉमन सिंबॉल करायचा, एनएममध्ये मोठा सी दिसायचा, आणि लिंकर सगळे सी एकत्र करून एकच ठेवायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून डिफॉल्ट -एफनो-कॉमन झालं, आता प्रत्येक फाइलमध्ये मोठा बी येतो म्हणजे पक्की व्याख्या, आणि पक्क्या व्याख्या दोन झाल्या की लिंकर भांडणारच. खरा उपाय : हेडरमध्ये एक्सटर्न लिहा आणि व्याख्या कुठल्यातरी एकाच सी फाइलमध्ये ठेवा. -एफकॉमन देऊन जुनं वागणं परत आणता येतं, आजची डेडलाइन असेल तर द्या, पण तो फ्लॅग मेकफाइलमध्ये कायमचा ठेवू नका, दोन फाइलींनी चुकून एकच नाव वापरलं तर ते त्याच्याखाली गुपचूप झाकलं जातं.

प्रश्न : सिस्टिममधल्या एलएस कमांडवर एनएम चालवलं तर 'नो सिंबॉल्स' म्हणतो. मग एलएसमध्ये फंक्शन्सच नाहीत का?

आहेत, नावं काढून टाकलीत. ऑब्जेक्ट फाइल जोडायला नावं लागतात, तयार प्रोग्राम चालायला बहुतेक नावं लागत नाहीत, म्हणून वितरणाआधी स्ट्रिप कमांडने ती उडवतात, फाइल लहान होते. पण डायनॅमिक लायब्ररीतून जी नावं चालताना शोधायची असतात ती उडवून चालत नाही, त्यांची वेगळी यादी असते. एनएमला मोठा डी फ्लॅग द्या, ती यादी दिसेल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर बनवलेला प्रोग्राम सर्व्हरवर टाकला तर 'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' येतं. मी तर काही नवीन वापरलं नाही. यात एनएमचा उपयोग आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी ची मूळ लायब्ररी. वर सांगितलेलं एनएम -डी (मोठा डी) तुमच्या प्रोग्रामवर चालवा. नावांच्या पुढे ॲटचं चिन्ह आणि व्हर्जन दिसेल, ते दिसलं नाही तर ऑब्जडंप या दुसऱ्या कमांडला मोठा टी देऊन तीच यादी बघा. त्यात २.३४ ग्रेप करा. बहुतेक वेळा __लिबसी_स्टार्ट_मेन सापडेल, थ्रेड वापरत असाल तर पीथ्रेड_क्रिएट पण. पहिलं नाव तुम्ही लिहिलेलंच नसतं, ते मेनला सुरू करणारं फंक्शन आहे, प्रत्येक प्रोग्रामला लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, आणि पीथ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लिबसीमध्ये सामावली. म्हणून नव्या सिस्टिमवर लिंक केलेला साधा हॅलो वर्ल्ड पण जुन्या सर्व्हरवर चालत नाही.

सर्व्हरवर जीलिबसी स्वतःच्या हाताने बदलायला जाऊ नका, अख्खी सिस्टिम त्यावर उभी असते, ती बिघडली तर एलएस सुद्धा चालणार नाही. जितकी जुनी जीलिबसी सर्व्हरवर आहे तितक्या जुन्या सिस्टिमवर किंवा तशा कंटेनरमध्ये प्रोग्राम बिल्ड करा. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. बिल्ड झाल्यावर सर्व्हरवर टाकायच्या आधी परत ती यादी काढा आणि सगळ्यात मोठा व्हर्जनचा आकडा कुठला आहे तो बघा, सर्व्हरवरच्या आकड्यापेक्षा लहान किंवा तेवढाच असला की बिनधास्त पाठवा.

प्रश्न : मॅकवर प्रत्येक नावाच्या आधी अंडरस्कोर दिसतो, माझ्याकडून काही चुकतंय का? आणि विंडोजवर एनएमला पर्याय काय?

काही चुकत नाहीये, मॅकवर सी च्या नावाला पुढे एक अंडरस्कोर लावायची पद्धतच आहे, मेन तिथे _मेन होतं. ग्रेप करताना तेवढं लक्षात ठेवा. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर डंपबिन येतं, त्याला /सिंबॉल्स द्या, आउटपुट बरंच वेगळं दिसतं पण त्यात 'अनडेफ' लिहिलेलं असेल तो आपला यू समजा. आणि कुठल्याही सिस्टिमवर -एफएलटीओ (लिंकच्या वेळी कोड सुधारायला सांगणारा फ्लॅग) देऊन जीसीसीने कंपाइल केलेल्या फाइली असतील तर साधा एनएम कधीकधी प्लगइन मागतो किंवा अर्धवट यादी देतो, तिथे जीसीसी-एनएम वापरा, क्लँगच्या फाइलींसाठी एलएलव्हीएम-एनएम. फ्लॅग बहुतेक तेच चालतात.